दोन ब्रेकची गाडी

आमच्या गाडीला दोन ब्रेक होते आणि आमच्या यांच्या तोंडाला एकही नव्हता. गाडीतला एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाखाली असायचा, दुसरा यांच्या. पस्तीस वर्षं यांनी लोकांना गाडी शिकवली, म्हणजे पस्तीस वर्षं हे स्टिअरिंगच्या शेजारच्या सीटवर बसून बोलत राहिले. "आरसा बघा. मागचं बघा. क्लच सोडा, हळू, अहो हळू, तो क्लच आहे, झुरळ नाही." लोक तोंडावर सर म्हणायचे आणि पाठीमागे ब्रेकसर. हे यांना चांगलं ठाऊक होतं. मी एकदा विचारलं, राग नाही का येत? तर म्हणाले, "रेससर म्हणाले असते तर आला असता."

आमचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे जिन्याखालची एक खोली. तिच्यात एक टेबल, एक फोन, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि टेबलामागे मी. कोणाचा कितवा दिवस, कोण पास झालं, कोण भर चौकात गाडी बंद पाडून रडलं, सगळं माझ्या वहीत. उभं राहिलं की डोकं जिन्याला आपटायचं, म्हणून मी ती सगळी वर्षं बसूनच काढली. तसं बघितलं तर दोघांचंही आयुष्य बसण्यात गेलं. यांचं बसणं फिरतं होतं एवढंच.

माणूस कसा आहे हे यांना त्याच्या पायावरून कळायचं. शेजारणीनं होणाऱ्या जावयाची चौकशी केली, कारण तो आमच्याकडे शिकत होता. हे अगदी गंभीर चेहरा करून म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण तिसऱ्या गिअरला घाई करतो." बिचारीला दोन दिवस झोप नाही. मी जाऊन समजावलं तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. आता तो जावई दोन पोरांचा बाप आहे आणि अजून तिसऱ्या गिअरला घाई करतो, असं यांचं म्हणणं.

मलाही यांनी शिकवलं होतं. तीन दिवस. चौथ्या दिवशी मी चौकात सिग्नलला गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, दार उघडून उतरले आणि सरळ चालत घरी आले. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. अर्ध्या तासानं हे आले. म्हणाले, "हँडब्रेक मात्र बरोबर ओढलास." तेव्हापासून मी कायम मागच्या सीटवर. मागे बसलं की यांचा आवाज निदान पुढच्या दिशेनं तरी जातो.

तर चार महिन्यांपूर्वी हे चष्मा बदलायचा म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. एकटेच गेले, आणि निघताना त्या डॉक्टरच्याच फाटकाच्या खांबावर गाडी घातली. बॉनेट दुमडलं, एक हेडलाइट फुटला, बंपर एका बाजूनं लोंबायला लागला. घरी आले ते खांबावर चिडलेले.

"खांब असा मधे बांधतात का?"

"मधे म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"कडेलाच. पण मधे."

मग हळूहळू खरं काय ते बाहेर आलं. खांब जवळ यायला लागला तसे हे ओरडले, "ब्रेक, ब्रेक दाबा." आणि शेजारच्या सीटकडे बघितलं. शेजारी कोणी नव्हतं. चालवत हेच होते. सगळं आयुष्य ओरडायचं यांनी आणि दाबायचं दुसऱ्यानं, त्या सवयीला खांब काय करणार? मी इतकी हसले की हातातला चहा सांडला. हेही हसले. हसता हसता मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? "वयाच्या मानानं ठीक आहे," म्हणाले. मी चहा पुसत होते, पुढे काही विचारलं नाही.

त्या दिवसापासून हे गाडीवर रुसले. "म्हातारी झाली आता ती. तिला जमत नाही." आठवड्याभरात स्कूलची पाटी उतरवली. आलेल्या दोन नव्या माणसांना परत पाठवलं. मला वाटलं, चला, सुटलो, आता जरा घरात बसतील. घरात बसले, पण बसून काय करायचं हे यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. मी भाजी चिरायला घेतली की "हळू", मी दार लोटलं की "मागचं बघ". एकदा कढईत पळी जरा जोरात फिरवली तर म्हणाले, "गिअर असा टाकत नाहीत." मी पळीच हातात दिली. कानाला खडा, त्यानंतर स्वयंपाकघरात आले नाहीत.

गॅरेजवाला म्हणाला, "सर, भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे, दारातून उचलून नेईल." झालं. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, दोन दिवस त्या गॅरेजवाल्याशी बोलला नाही. "भंगारात? अर्ध्या गावाला तिनं रस्त्यावर आणलं. ती भंगारात गेली तर माझी पस्तीस वर्षंही त्याच ढिगात टाका." हे मला सांगत होते, जशी काही मीच भंगारवाली.

शेवटी आमच्या लेकीनं फोनवर तोड काढली. एक संस्था आहे, म्हणाली, ती आजारी माणसांना घरून दवाखान्यात नेते आणि परत आणून सोडते, पैसे घेत नाही. ठोकलेल्या गाड्यासुद्धा दान घेतात. त्यांचा माणूस येऊन गाडी चालवून बघतो. चालण्यासारखी असली तर दुरुस्त करून रुग्णांसाठी वापरतात, नसली तर भंगारात विकून आलेले पैसे औषधांना लावतात. यांनी पहिलं तेवढं ऐकलं. दुसरं ऐकलंच नाही.

संस्थेचा फॉर्म आला. त्यात एक छोटा चौकोन होता, 'गाडीचे नुकसान, थोडक्यात'. हे म्हणाले, "तू लिही, माझं अक्षर वाईट आहे." इतकी वर्षं मी यांच्या अक्षराला नावं ठेवत आले आणि इतकी वर्षं हे विचारायचे, अक्षराला काय झालंय? आता अचानक पटलं म्हणून मला आनंदच झाला. मी वही घेऊन अंगणात उभी राहिले आणि हे गाडीभोवती फिरत, पत्र्यावरून तळहात फिरवत, सांगायला लागले.

"मागचं दार, खाली, बशीएवढा पोचा. लिही, रिव्हर्स घेताना, दातांच्या डॉक्टरीणबाई, सहावा दिवस."

"हे कशाला लिहायचं?"

"नुकसान विचारलंय ना? पुढे लिही. बाजूला लांब ओरखडा, मुख्याध्यापक. भिंत त्यांना दिसली होती, पण भिंत बाजूला होईल असं वाटलं."

"आणि हा टपावर खळगा? टपावर कोणी घातली गाडी?"

"ती शिंपीणबाई. परीक्षेत नापास झाली तेव्हा बुक्की मारली. पुढच्या वेळी पास झाली हेही लिही, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल."

अकरा पानं झाली. माझा हात मोडायला आला. मी म्हटलं, "अहो, थोडक्यात म्हटलंय." तर म्हणतात, "हे थोडक्यातच आहे. रंगाचं तर अजून काढलंच नाही." एकेका पोच्यावर हात ठेवून उभे राहायचे, बोटानं त्याची कड चाचपायचे, मग नाव सांगायचे. मला आपलं वाटलं, माया आहे. मला वाईटही वाटलं. म्हणून मी अकराची अकरा पानं नीट घडी घालून पाठवली.

गॅरेजवाल्याशी परत बोलणं सुरू झालं, कारण बॉनेट उडू नये म्हणून तारेनं बांधायला दुसरं कोणी नव्हतं. त्यानं बंपर काढून डिकीत टाकला, नवा हेडलाइट बसवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, तोंड बघू नका, इंजिन ठणठणीत आहे. आणि ब्रेक तर मीच केलेत. ह्या गाडीचे ब्रेक तुम्हाआम्हाला पुरून उरतील."

शनिवारी सकाळी दहाला संस्थेकडून तपासायला एक मुलगी आली. पंचविशीची असेल, पायात बूट, हातात कागद लावलेली फळी. हे सकाळी सातपासून इस्त्रीचा शर्ट घालून तयार. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "काका, तुमची अकरा पानं ऑफिसात सगळ्यांनी वाचली. शिंपीणबाई पास झाल्या ते वाचून बरं वाटलं." काका म्हटलेलं यांना लागलं, हे मला दिसलं. पण पानं वाचली म्हटल्यावर विरघळले.

ती स्टिअरिंगपुढे बसली. हे दार उघडून आपल्या नेहमीच्या सीटवर बसले, न विचारता. मी मागे. गाडी सुरू झाली, अंगणातून बाहेर पडली, आणि फाटकाशी गचकन थांबली.

"अरे?" मुलगी म्हणाली. तिचा पाय ब्रेकवर नव्हता.

"काय झालं?" यांनी विचारलं. इतका भोळा चेहरा की शपथेवर खोटं वाटू नये.

मी मागून बघितलं. यांचा पाय यांच्या ब्रेकवर. मला हसू फुटायला आलं. माणूस बोलतोय एक आणि पाय करतोय दुसरं, आणि यांना त्याचा पत्ताच नाही. मी तोंडाला पदर लावला. म्हटलं, बघू तरी काय होतं.

वळणावर परत तेच. मुलीनं भुवया वर केल्या, फळीवर काहीतरी खरडलं. हे तिला सांगत होते, "गाडी गोड आहे. फक्त दुसऱ्या गिअरला जरा मायेनं घ्या." पुढे मोकळा, सरळ रस्ता लागला. दोन्हीकडे दुकानं, अजून अर्धी बंद, एका दुकानाच्या छपराची लांब सावली रस्त्यावर आडवी पडलेली. समोर माणूस नाही, कुत्रं नाही. आणि गाडी अशी थांबली की माझं नाक पुढच्या सीटवर आपटलं.

यांचा पाय ब्रेकवर पार तळाशी गेला होता. आणि हे पुढे वाकून काचेतून त्या सावलीकडे बघत होते.

मुलीनं श्वास सोडला आणि गाडी परत पुढे घेतली. पन्नास पावलंही गेलो नसू, दोन दुकानांच्या मधून एक हातगाडीवाला थेट रस्त्यात आला. लाल टोमॅटोंनी भरलेली गाडी, हा एवढा दांडगा माणूस. मी ओरडले. मुलीनं कचकन ब्रेक दाबला. हातगाडीवाला दोन शिव्या घालून पलीकडे गेला. यांचा पाय जागचा हलला नव्हता. हे सरळ समोर बघत मुलीला सांगत होते, "अशा मोकळ्या रस्त्यावर चौथा टाकायला हरकत नाही."

हसणं कुठल्या कुठे गेलं. अक्षर वाईट आहे म्हणून मला लिहायला लावलं ते, पोचे हातानं चाचपले ते, कडेला असलेला खांब मधे होता ते, सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं. चार महिने मी ह्या माणसाला बोलत होते, पळी हातात देत होते, आणि ह्या माणसाला दिसत नव्हतं.

मुलीनं गाडी कडेला घेतली. लिहिता लिहिता म्हणाली, "काका, वाईट वाटून घेऊ नका. इंजिन छान आहे. पण ब्रेक आपोआप लागतायत. आजारी माणूस मागे बसलेला असताना असं झालं तर? मी हिला पास करू शकत नाही. भंगारातून जे येईल ते औषधांनाच जाईल, वाया नाही जाणार."

हे दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. असा गप्प बसलेला हा माणूस मी लग्नात फोटो काढताना पाहिला होता, त्यानंतर आजच. मला राहवलं नाही.

"अगं, ब्रेक चांगले आहेत," मी म्हटलं. "पाय यांचा आहे. खाली बघ, तिकडे दुसरा ब्रेक आहे. पस्तीस वर्षांची सवय, पाय आपला आपण जातो."

मी सवय म्हटलं. सावलीचं आणि हातगाडीचं बोलले नाही. गाडीही वाचेल आणि यांचा मानही राहील, एवढाच माझा हिशोब.

मुलीनं वाकून बघितलं आणि इतकी हसली की फळी खाली पडली. "म्हणजे मी उगीच बिचारीला भंगारात काढत होते." मग हसणं थांबवून म्हणाली, "काका, खरं सांगू? आमच्याकडे गाडी चालवायला येतात ते सगळे हौशी. मनानं चांगले, पण चालवतात देवाच्या भरवशावर. त्यांना शिकवायला माणूसच मिळत नाही. तुम्ही याल का? हीच गाडी ठेवू शिकवायला. तुमची सीट तुमचीच."

मी मागून यांची मान बघत होते. ती एकदम ताठ झाली. कान लाल झाले. चार महिन्यांत पहिल्यांदा हा माणूस जिवंत वाटला. मनात म्हटलं, आता हो म्हणतील. आणि मी काय करणार? नवऱ्याच्या तोंडातला घास काढू? दुसरं मन म्हणत होतं, पुढच्या हातगाडीवाल्याचं काय? मी मूग गिळून बसले. मला माझीच लाज वाटली, पण बसले.

यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला.

"सर म्हणणार का मला सगळे?" यांनी विचारलं.

"म्हणणारच की."

"मग नको," हे म्हणाले. "मगाशी हातगाडी आली ना, ती मला दिसली नाही. तो माणूस शिव्या देऊन गेला तेव्हा कळलं कोणीतरी होतं. आणि त्याच्या आधी मी ब्रेक मारला, तिथे मला लहान मूल दिसलं होतं. तिथे काही नव्हतं, हो ना?"

"सावली होती," मुलगी हळूच म्हणाली.

"डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वीच सांगितलंय. मधलं सगळं गेलंय, कडेकडेचं थोडं दिसतं, तेही जाईल. इलाज नाही. गाडीचे ब्रेक चांगले आहेत, हे लिही. पाय सरांचा होता, हेही लिही. सवय नव्हती ती. हिला आपलं वाटलं सवय."

मला सवय वाटली नव्हती, आणि हे यांना पुरतं ठाऊक होतं. मी रडले. आणि चिडलेही, उगाच कशाला लपवू? चाळीस वर्षांचा संसार, आणि हे सांगायचं कोणाला, तर अर्ध्या तासाच्या ओळखीच्या मुलीला. "मला सांगता येत नव्हतं?" मी मागूनच विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं," हे म्हणाले.

मी पदरानं डोळे पुसले.

मुलीनं फळी उचलून यांनी सांगितलेलं लिहून घेतलं. मग म्हणाली, नियमाप्रमाणे एक फेरी परत मारावी लागेल, शेजारची सीट रिकामी ठेवून. यांनी दार उघडलं, उतरले, गाडीला हात लावत लावत मागच्या दारापर्यंत आले. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या पोच्यापाशी जरा थांबले. मग आत येऊन माझ्या शेजारी बसले. स्वतःच्या गाडीत हे मागे पहिल्यांदाच बसत होते. गुडघे कुठे ठेवायचे कळेना. "इथे इतकी अडचण आहे? तू कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. तुम्ही पुढे बोलत होतात."

गाडी निघाली. तारेनं बांधलेलं बॉनेट थोडं थडथडत होतं, बाकी लोण्यासारखी चालली होती. मुलगी चौकातून वळली, चढ चढली, कुठे गचका नाही. हे कान देऊन ऐकत होते. चढावर तिनं गिअर बदलला तेव्हा मान हलवली, पण बोलले नाहीत. यांचा पाय मात्र पायाखालची चटई दाबत होता. मी त्या पायाकडे बघायचं नाही असं ठरवलं.

"कुठे आलो?" यांनी विचारलं.

हा प्रश्न यांनी मला आयुष्यात कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, "शाळेपाशी. फाटक उघडं आहे. पुढे पांढरे पट्टे आहेत."

"पट्ट्यांवर कोणी आहे?"

"एक बाई आहे. पोराचा हात धरून उभी आहे."

मुलीनं ब्रेक लावला. गाडी हळू हळू होत पट्ट्यांच्या चार हात अलीकडे थांबली. बाईनं आमच्याकडे एकदा बघितलं आणि पाऊल टाकलं. यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"गेले पलीकडे?"

"अजून नाही. पोराची चप्पल निघाली. घालतोय."

"घालू दे. तिला सांग, थांब म्हणावं. घाई नाही."

"ती थांबलीच आहे."

"आता?"

"गेले."

"दोघंही?"

"दोघंही," मी म्हटलं. तेव्हा कुठे यांनी माझं मनगट सोडलं, आणि मुलीनं गाडी पुढे घेतली.